आधी वही आखा: काबुकी नटाचं चरित्र वाचताना

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी काबुकीवर, म्हणजे जपानच्या जुन्या पारंपरिक नाटकावर बोलले. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक साठीपुढची, पंखा खडखडणारा. विषय होता इचिकावा दान्जुरो. वीस मिनिटं छान चाललं. १९०९ साली जन्म, १९६२ साली दान्जुरो हे नाव मिळालं, पुढे रक्ताचा कर्करोग झाला, त्यातून उठून २००७ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात काम केलं... तिसऱ्या रांगेतले एक काका उभे राहिले. ‘‘बाई, एक शंका. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी नाचले म्हणता?’’

हॉल हसला. मीही हसले, पण कान तापले होते. दान्जुरो हे नाव घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं. १९०९ साली जन्मला तो अकरावा दान्जुरो. पॅरिसला गेला तो बारावा, त्याचा मुलगा. दोघांच्या आयुष्यांची मी एकच पोळी लाटली होती. आणि तीही पुण्यात. पालखेडची लढाई जिंकून बाजीराव बिठूरला जाऊन राहिला, असं कुणी या हॉलमध्ये म्हटलं असतं तर त्याला जिना उतरू दिला नसता.

मी गेली वीसएक वर्षं चाकणच्या कारखान्यांतून दुभाषी म्हणून काम करते. जपानी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. मशीनच्या मापात एक शून्य चुकलं तर काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे ही चूक फार लागली. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, आधी कुणाचा कोण ते मांडायचं. कुलवृत्तांत बघितला नाहीस का कधी?’’

तिथून ही रीत सुचली. कुणाला काबुकीवर बोलायचं असेल, लिहायचं असेल, किंवा टोकियोला नोकरीला असलेल्या लेकीने तिकीट काढून ठेवलंय म्हणून जाण्याआधी जरा समजून घ्यायचं असेल, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

दोनशे पानी वही घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळते ती साधी, आडवी रेघ असलेली. कॉम्प्युटरवरचा तक्ता नको, कारण त्यात ओळी वरखाली सरकतात आणि मग आपण ‘नंतर नीट करू’ म्हणत राहतो. दोन समोरासमोरची पानं मिळून चार रकाने पाडा: साल, त्या साली माणसाचं नाव, वय, काय घडलं. यातला दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे नटाचं नाव एकदा पडलं की शेवटपर्यंत तेच राहतं. तिकडे नट नावांचा जिना चढत जातो.

बाराव्याचं माझं पान असं आहे:

१९४६. होरिकोशी नात्सुओ. जन्म.
१९५३. इचिकावा नात्सुओ. वय ७. रंगमंचावर पहिलं पाऊल.
१९५८. सहावा शिन्नोसुके. वय ११.
१९६५. शिन्नोसुकेच. वय १९. वडील, म्हणजे अकरावा, गेले.
१९६९. दहावा एबिझो. वय २३.
१९८५. बारावा दान्जुरो. वय ३८.
२००४. तेच नाव. वय ५७. रक्ताच्या कर्करोगाचं निदान.
२००७. तेच. वय ६०. पॅरिस.
२०१३. तेच. वय ६६. फेब्रुवारीत निधन.

एवढं मांडलं की वही स्वतःच बोलायला लागते. १९६५ आणि १९८५ यांच्यामधली ती वीस वर्षं बघा. ज्याच्याकडून घराण्याच्या भूमिका हाताला धरून शिकायच्या तो बाप मुलगा एकोणीस वर्षांचा असताना गेला. तेही दान्जुरो होऊन जेमतेम साडेतीन वर्षं झाली असताना. मग मुलगा शिकला कुणाकडून? इतर घराण्यांतल्या वडीलधाऱ्या नटांकडून. म्हणून त्याला मोठं नाव मिळायला अडतिसावं वर्ष उजाडलं. हे सगळं मी आधी तीन ठिकाणी वाचलं होतं, पण रकान्यात उतरवेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

नाव घेण्याच्या या सोहळ्याला ‘शुमेई’ म्हणतात. हा घरगुती विधी नव्हे. थिएटरात, तिकीट लावून, महिना-दोन महिने चालतो. मध्ये एक प्रवेश असतो ‘कोजो’ नावाचा. पडदा सरकतो तेव्हा सगळे नट औपचारिक पोशाखात एका रांगेत गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवून असतात. मग एकेक जण मान वर करून नव्या नावाच्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो, कुणी लहानपणची फजिती सांगतो, कुणी त्याच्या वडिलांची आठवण. आपल्याकडच्या सत्कारासारखंच, फक्त शाल-श्रीफळ नाही आणि भाषणं आटोपशीर. दान्जुरोंच्या घराण्यात याच वेळी ‘निरामी’ करतात: एक खांदा उघडा टाकून, डोळे तिरके फिरवून प्रेक्षकांकडे रोखून बघायचं. ती नजर ज्याच्यावर पडली त्याला वर्षभर आजारपण नाही, अशी समजूत. म्हणजे आपण दृष्ट काढतो, हे लोक दृष्ट लावून घ्यायला पैसे मोजतात. सासूबाईंना हे फार आवडलं.

आता आकड्यांविषयी. नावाच्या आधी ‘बारावा’, ‘सहावा’ असतं त्याला जपानीत ‘दाईमे’ जोडतात, आणि तो आकडा गाळून नाव लिहिणं म्हणजे घर क्रमांक न लिहिता पत्र टाकणं. माझी चूक तिथेच झाली होती. एकाच माणसाला तीन वेगवेगळे आकडे असतात हेही लक्षात ठेवा; बारावा दान्जुरो हाच दहावा एबिझो आणि सहावा शिन्नोसुके. हे बघून गोंधळायला झालं तर एकच करा: आकडा नावाचा असतो, माणसाचा नसतो. इचिकावा हे आडनाव आधी येतं. होरिकोशी हे कागदोपत्रीचं, रंगमंचाशी त्याचा संबंध नाही.

सालांची भानगड पुणेकरांना अवघड जाऊ नये. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन, हे आपण शाळेत शिकतो. तसंच इथे. मेईजी सालात १८६७ मिळवा, ताइशोत १९११, शोवात १९२५, हेइसेईत १९८८, रेइवात २०१८. जपानी पुस्तकात ‘शोवा ३७’ दिसलं की १९६२. ‘मेईजी ३६’ म्हणजे १९०३. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला हे पाच आकडे लिहून ठेवा. १८७३ च्या आधीच्या तारखा चांद्र पंचांगाच्या असतात, तिथीसारख्या. त्यामुळे जुन्या नटाच्या जन्ममृत्यूचा दिवस दोन पुस्तकांत वेगळा दिसला तर लगेच एकाला खोटं ठरवू नका.

वयाचंही तसंच. जुन्या जपानी पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि पुढे दर नववर्षाला एक वर्ष वाढतं. पहिला दान्जुरो १६६० चा. त्याने १६७३ साली तोंडाला लाल-काळे पट्टे ओढून एका अचाट ताकदीच्या वीराचं काम केलं आणि दान्जुरो घराण्याची ती धसमुसळी, गरजणारी ‘आरागोतो’ शैली तिथून सुरू झाली, असं सांगतात. पुस्तकं म्हणतात वय चौदा. वजाबाकी म्हणते तेरा. दोन्ही बरोबर. वहीत मी वजाबाकीचं वय लिहिते आणि जुन्या पद्धतीचं दिसलं तर त्याच्यावर छोटं ‘जु’ काढते. हाच पहिला दान्जुरो १७०४ साली थिएटरातच एका सहकारी नटाच्या हातून भोसकला जाऊन मेला. घराण्याची सुरुवात ही अशी.

आता दत्तक. इथे आपली पुणेरी समज उपयोगी पडते आणि घातही करते. उपयोगी अशासाठी की दत्तकाने वंश चालतो हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. घात असा की आपण दत्तक म्हणजे नाइलाज समजतो. तिकडे तो राजरोस मार्ग आहे. अकरावा दान्जुरो हा मुळात सातव्या मात्सुमोतो कोशिरोचा थोरला मुलगा, म्हणजे वेगळ्याच नावाच्या घरातला. धाकटे दोघे भाऊही मोठे नट झाले, एक वडिलांच्या नावाने आणि एक ओनोए शोरोकु या नावाने. एका बापाचे तीन मुलगे तीन घराण्यांची नावं चालवतात. वहीत हे दाखवायला मी तिरपी रेघ वापरते. रक्ताला सरळ, दत्तकाला तिरपी.

घराबाहेरचं पोर वरपर्यंत पोचलेलं बघायचं असेल तर पाचव्या बांदो तामासाबुरोचं पान आखा. १९५० चा जन्म, नाटकाच्या घराण्यात नाही. लहानपणी पोलिओ झाला, पायाला व्यायाम म्हणून नाच सुरू केला. १९५७ साली बांदो किनोजी या नावाने रंगमंचावर आला, चौदाव्या मोरिता कान्याने त्याला दत्तक घेतलं, १९६४ साली तामासाबुरो झाला. २०१२ साली जपान सरकारने त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं. आयुष्यभर स्त्रीभूमिका.

स्त्रीभूमिका म्हटलं की पुण्यात बालगंधर्व निघणारच. माझ्या दुसऱ्या व्याख्यानात पहिला प्रश्न तोच आला. तुलना करा, पण जपून. काबुकी सुरू केलं एका बाईने: इझुमो नो ओकुनी, १६०३, क्योतोमधल्या कामो नदीच्या कोरड्या पात्रात. १६२९ साली सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली, पुढे कोवळ्या मुलांवरही, आणि उरले प्रौढ पुरुष. त्यातून ‘ओन्नागाता’, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा नट, तयार झाला, आणि त्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. आपल्याकडे नारायणराव राजहंसांबरोबर ते नावही संपलं. दुसरा बालगंधर्व झाला नाही आणि कुणी होऊ पाहिला असता तर पुण्याने त्याला सोडलं नसतं. त्यांच्या नावाने आपण रंगमंदिर बांधलं. तिकडे नावात पुढचा माणूस बसवतात. कुठलं बरं, यावर आमच्या घरी दोन रविवार गेले.

नाव सोडून आणखी एक नाव असतं, ते वहीच्या समासात लिहा. ‘यागो’, म्हणजे दुकानाची पाटी असते तसं घराण्याचं नाव. दान्जुरोंचं ‘नारिताया’, नारिताच्या देवळावरून; पहिल्या दान्जुरोची त्या देवावर श्रद्धा होती. तामासाबुरोचं ‘यामातोया’. हे यागो प्रेक्षकांत बसल्यावर कामाला येतं. नट ‘हानामिची’वरून, म्हणजे प्रेक्षकांमधून रंगमंचाकडे जाणाऱ्या लाकडी वाटेवरून येतो, ठरलेल्या जागी थांबतो. आपल्या उजव्या हाताला, रंगमंचाच्या कडेला एक माणूस फळीवर दोन लाकडी ठोकळे घेऊन बसलेला असतो. नट मान गोल फिरवतो, पाय रोवतो, डोळे वटारतो आणि थिजतो. त्याच क्षणी ठोकळे फळीवर पडतात, बातान्‌! या थिजण्याला ‘मिए’ म्हणतात. आणि वरच्या मजल्यावरून, मागून, कुणीतरी ओरडतं: ‘‘नारिताया!’’ संगीत नाटकातला वन्समोअर आठवला ना? पण हे पुन्हा म्हणा असं सांगणं नव्हे. बरोबर फटीत, अर्धा श्वासही न चुकता टाकलेली ती दाद असते, आणि ती टाकणारे तयारीचे लोक असतात. आपण ओरडायच्या भानगडीत पडू नये.

आता भूमिका. नटाचं चरित्र वाचताना ‘अमुक नाटकात काम केलं’ अशा याद्या येतात, त्या सगळ्या उतरवून घेऊ नका, वही भरून जाईल. घराण्याची एक भूमिका निवडा आणि तिच्याच मागे लागा. दान्जुरोंसाठी मी ‘कान्जिन्चो’ निवडलं. १८४० साली सातव्या दान्जुरोने ते पहिल्यांदा केलं. नावाचा अर्थ आहे वर्गणीची वही. गणपतीच्या मांडवाला ज्याने दारोदार फिरून पावत्या फाडल्यात त्याला ही गोष्ट लगेच कळेल.

धाकटा योशित्सुने आपल्या थोरल्या भावापासून जीव वाचवून पळतो आहे. सोबत बेंकेई, धिप्पाड, एकनिष्ठ. सगळ्यांनी डोंगरातल्या साधूंचं सोंग घेतलंय, एका मोठ्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागत फिरतोय असं सांगतात. नाक्यावरचा अधिकारी तोगाशी म्हणतो, मग वर्गणीची वही वाचून दाखवा. वही नाही. बेंकेई झोळीतून एक गुंडाळी काढतो, ती कोरी. तो ती उलगडतो आणि खणखणीत आवाजात नसलेला मजकूर वाचू लागतो. तोगाशी हळूच एक पाऊल सरकतो, मान लांबवून आत डोकावतो. बेंकेईला चाहूल लागते, तो झटक्यात गुंडाळी छातीशी ओढतो. दोघे थिजतात. ठोकळे. मला व्हिडिओत हा क्षण बघताना दर वेळी हात घट्ट आवळले जातात, गोष्ट पाठ असूनही.

सातव्याने केलं, नवव्याने त्याला आजचं रूप दिलं, अकराव्याने, बाराव्याने, आणि बाराव्याच्या मुलाने, म्हणजे तेराव्याने केलं. पॅरिसला बाप-लेकांनी बेंकेई आणि तोगाशी आलटूनपालटून केले, आणि कोजो तर चक्क फ्रेंचमध्ये म्हटलं. एकच भूमिका वेगवेगळ्या वयात आणि वेगवेगळ्या अंगात बघितली की कोण दणकट, कोण नाजूक, कुणाचा आवाज बसका हे आपोआप दिसतं. मग समीक्षकांची विशेषणं लागत नाहीत.

रंगभूषेचं एक वाक्य जरूर टिपा: काबुकीचा नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. आपल्यासारखा रंगपटात रंगभूषाकार नसतो. आधी भुवयांवर मेण चोळून त्या बुजवायच्या, मग पाण्यात कालवलेला पांढरा रंग ब्रशने, त्यावर पट्टे, आणि पट्ट्यांची एक कड बोटाने ओढून फिकी करायची. लाल म्हणजे नायकाचं सळसळतं रक्त, निळा म्हणजे दुष्ट किंवा भूत. कधीकधी प्रयोग संपल्यावर चेहऱ्यावर रेशमी कापड दाबून त्याचा ठसा घेतात आणि तो जपून ठेवतात. घामासकट.

बघायला मिळालं तर टोकियोत गिन्झामधल्या काबुकी-झा थिएटरात चौथ्या मजल्यावरची एका अंकाची तिकिटं असतात. पूर्ण खेळ चार-चार तास चालतो, आई-बाबांना झेपत नाही. एक अंक पुरे. वरून हानामिचीचा काही भागच दिसतो, दुर्बीण न्या. इंग्रजी माहितीचं यंत्र भाड्याने मिळतं, पण मिएच्या वेळी ते बाजूला करा.

मागच्या पावसाळ्यात त्याच वाचनालयाने पुन्हा बोलावलं. या वेळी मी पाठीमागच्या भिंतीवर कार्डशीट चिकटवला होता, नववा ते तेरावा, साल-नाव-वय. तेराव्याच्या ओळीतही १९८५ साली शिन्नोसुके, २००४ साली एबिझो, आणि करोनामुळे अडीच वर्षं लांबून २०२२ च्या नोव्हेंबरात दान्जुरो. त्याच महिन्यात त्याचा नऊ वर्षांचा मुलगा आठवा शिन्नोसुके झाला. आजोबा गेल्यानंतर सात आठवड्यांनी जन्मलेला. त्याच्यापुढे मी पेन्सिलीने फक्त रेघ ओढली होती.

काका तिसऱ्याच रांगेत. शेवटी उभे राहिले. ‘‘नववा १९०३ साली गेला. अकरावा १९६२ साली झाला. दहावा कुठाय?’’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, त्यासाठी मी वहीत खूण घातली होती. नवव्याला मुलगा नव्हता. जावई बँकेत नोकरी करणारा, नाटकाशी संबंध नाही. सासरे गेल्यावर तो तिशीच्या उंबरठ्यावर नट झाला, ज्या वयात तिकडची मुलं पंचवीस वर्षं काम करून चुकलेली असतात. नट म्हणून बेताचा. पण घराण्याची विसरलेली नाटकं त्याने एकेक करून शोधून पुन्हा उभी केली, आणि स्वतः दान्जुरो हे नाव कधी लावलं नाही. इचिकावा सान्शो म्हणूनच राहिला. १९५६ साली तो गेला तेव्हा त्याला दहावा दान्जुरो हे नाव दिलं. अकरावा हा त्याचाच दत्तक मुलगा. म्हणून माझ्या तक्त्यात दहाव्याच्या ओळीत नाव निधनाच्या रकान्यातच लिहिलेलं आहे, आणि ते मागून दिसत नव्हतं.

काका पुढे आले, चष्मा कपाळावर चढवून कार्डशीटजवळ उभे राहिले, दहाव्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

‘‘याची झेरॉक्स मिळेल का?’’